अनिलने बनवलेला दांडा

मंडळी, आपल्या गाडीवाल्यांच्या या फिरत्या वहीत मी सहसा काही लिहीत नाही. आजचं मात्र लिहितो.

माझा धाकटा भाऊ अनिल जाऊन बावीस दिवस झाले. घाटातल्या वळणांवर आमची छोटी गाडी झुलू नये म्हणून त्यानं एक लोखंडी दांडा बनवला होता. इंजिनावरून आडवा जाऊन तो पुढच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरचे माथे जोडतो. तो कामाला होता त्या शिरोलीच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी, स्वतः वेल्डिंग केलेला. बसवायचा तेवढा राहिला.

आज सकाळी गाडी बशीरभाईंच्या गॅरेजला नेली. आत हात शिरायला जागा नाही, पाना जेमतेम बोटभर फिरायचा. दोन तास गेले, पण सगळी भोकं बरोबर जुळली. मला फार बरं वाटलं.

मग बॉनेट लावायला गेलो, तर ते दोन बोटं वरच राहिलं.

"बॉनेट उघडं ठिवून मापं घेतल्यात की लेकानं!" बशीरभाई हसले आणि लगेच त्यांनी हसू आवरलं. दांड्यावर बोट टेकवून म्हणाले, "दादा, मधनं कापून खाली घ्यायला लागंल. त्याबिगर न्हाय बसायचं."

अनिलच्या हातचं एवढंच काम माझ्याकडे उरलंय. मी म्हणालो, "काढा."

दांडा मागच्या सीटवर टाकून घरी आलो. न कापता त्याचा उपयोग नाही आणि कापला तर तो त्याचा राहत नाही. तुम्ही कापला असता का? खाली लिहा. पण तुम्ही हो म्हणालात तरी माझ्यानं होईल असं वाटत नाही.