दसऱ्याला धुतलेली स्कूटर

आयटीआयला मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं ते आवडीनं नव्हे, शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या म्हणून. नव्वदीतली गोष्ट. दोन वर्षं रेडिओ-टीव्ही उघडले, तारांना डाख देऊन जोडायला शिकले, आणि पास होताच लग्न होऊन कळमनुरीजवळच्या एका खेड्यात आले. सासरी माझ्या शिक्षणाचं कौतुक भारी. पाहुणे आले की सासरे सांगायचे, "सूनबाई इलेक्ट्रॉनिक शिकलेली हाय." पाहुणे गेले आणि घरातला फ्यूज उडाला की तेच म्हणायचे, "सरक तिकडं. बायांनी वायरीला हात लावू न्हाई."

पुढं वारंगा फाट्याच्या एका शाळेत मी शिकवायला जाऊ लागले. बस कधी यायची, कधी नुसती तिची बातमी यायची. अशात वसमतला विजेच्या स्कूटरींचं दुकान निघालं. पेट्रोल नको, लायसन नको. सासऱ्यांना एवढं पुरलं. दुकानदारानं त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "वॉटरप्रूफ हाय मामा. पावसात न्या, नदीत घाला." तेव्हा लोडशेडिंग असं की दळण आणायलाही वीज कधी येईल ते विचारूनच जावं लागे. त्या गावात आम्ही विजेवर चालणारी गाडी आणली आणि पेढे वाटले.

तरी गाडी चालली. दोन-अडीच महिने मी शाळेत वेळेवर पोचले.

मग दसरा आला. सासऱ्यांनी ट्रॅक्टर धुतला, नांगर धुतला, आणि विहिरीवरच्या मोटारीचा पाइप घेऊन स्कूटरकडं वळले. मी म्हणाले, "मामा, ओल्या फडक्यानं पुसू या. आत मोटार चालवणारा बोर्ड असतो."

"वॉटरप्रूफ हाय," सासरे म्हणाले, आणि सीट उचलून आतही पाणी मारलं. बैल धुवावा तशी पोटाखालून धुतली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी मूठ पिळली तर गाडीनं दोन हिसके दिले आणि जागीच थांबली. ढकलायला गेले तर मागचं चाक जड. ब्रेक सोडलेला, तरी कुणी आतून धरून ठेवल्यासारखं.

आता गावात तपासणी सुरू झाली. आधी ट्रॅक्टरचा मिस्त्री आला. म्हणाला, "प्लगमध्ये कचरा असंल," आणि अर्धा तास प्लग शोधत राहिला. या गाडीला प्लगच नसतो, हे मी सांगितलं. त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि परत प्लग शोधू लागला. आमचे हे म्हणाले, बॅटरी बसली. हॉर्न तर खणखणीत वाजत होता, दिवा लागत होता. पण यांनी एकदा बॅटरी म्हटलं की बॅटरी. सासऱ्यांचं निदान सगळ्यांत पक्कं. "नजर लागली," म्हणाले, आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली.

शेवटी दुकानाचा माणूस आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हत्यार म्हणाल तर एक टेस्टर. त्यानं चाकाला हात लावला आणि जाहीर केलं, "मोटार जळाली. ती चाकातच असती, आख्खं चाक बदलावं लागंल."

"मोटार जळली हे कशावरून?" मी विचारलं.

"अनुभव हाय, मॅडम."

"मोटारीच्या तीन जाड तारा बोर्डापासून सोडवा आणि चाक फिरवून बघा. सुटं फिरलं तर मोटार चांगली, बोर्ड खराब."

तो सासऱ्यांकडं बघून हसला. सासरे मला म्हणाले, "तू काहून मधे बोलून राहिली? जा, चहा टाक."

मी यांच्याकडं वळले. "तुमी टाका चहा," म्हणाले, आणि पेटीतून माझा पाना, पेचकस आणि जुना मीटर घेऊन आले. हे खरंच उठून आत गेले. नवऱ्याच्या वागण्यातली ही एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही.

आधी बॅटरीची पिन काढली, मग तिन्ही तारा. टोकं एकमेकांना लागू न देता चाकाला धक्का दिला. पंखा फिरावा तसं ते फिरत राहिलं. मग बोर्डाचा ॲल्युमिनियमचा डबा उघडला. त्यातून चमचाभर गढूळ पाणी सांडलं, आणि पाण्याबरोबर झेंडूची एक पाकळी. आत तीन पायांचे काळे तुकडे ओळीनं बसवलेले असतात. मोटारीला वीज सोडायची की अडवायची, हे तेच ठरवतात. त्यातल्या एकाचं पोट फुटलं होतं. त्याच्या पायांना मीटर लावला तर मीटरची पिपाणी थांबेचना, म्हणजे तुकडा आतून जळून वीज अडवायचीच विसरला होता.

दुकानाचा माणूस वाकून बघत म्हणाला, "तेच म्हणून राहिलो होतो मी. बोर्ड गेला."

सासऱ्यांनी पाकळी चिमटीत धरून निरखली. "पण पाणी आत गेलं कसं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "पावसाचं असंल." पंधरा दिवसांत पाऊस नव्हता. सगळ्यांनी मान हलवली.

दिवाळीनंतर नवा बोर्ड आला. दुकानाच्या माणसानं रंगाला रंग बघून तारा जोडल्या. नव्या बोर्डाचे रंग वेगळ्या हिशेबाचे असतील, आधी चाक उचलून बघा, असं मी म्हणेपर्यंत सासरे गाडीवर बसलेसुद्धा. मूठ पिळली, आणि गाडी त्यांना घेऊन उलटी सुटली. दोन कोंबड्या उडाल्या, आणि सासरे पाठीमागच्या कडब्याच्या गंजीत कमरेपर्यंत रुतले. टोपी तेवढी डोक्यावर राहिली.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले, "हिला रिव्हर्सबी हाय!"

मी हसून खाली बसले. मग गाडी स्टँडवर चढवून मोटारीच्या जाड तारांचे आणि त्यांच्यासोबतच्या बारीक तारांचे क्रम एकेक बदलत गेले. कधी चाक थरथरलं, कधी उलटं फिरलं. शेवटी सुरळीत पुढं फिरू लागलं. दुकानाच्या माणसानं बिलावर "इंजिनिअरकडून दुरुस्ती" असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

त्या मोसमात त्याच दुकानातल्या आणखी दोन-तीन गाड्या आसपासच्या गावांत बंद पडल्या आणि आमच्या अंगणात येऊ लागल्या. तोवर दुकान बंद झालं होतं. दुकानदार आता पाण्याचे फिल्टर विकत होता. सासरे प्रत्येक गाडीवाल्याला बाजेवर बसवून सांगत, "काही तकलीफ न्हाई. आमच्या सूनबाईच्या हाताला गुण हाय."

गुण! कावीळ उतरवणाऱ्या बाईच्या हाताला असतो तसा. पहिल्या खेपेला मी सांगून बघितलं, "मामा, गुण न्हाई, ते शिकावं लागतं."

"व्हय, बराबर हाय," सासरे म्हणाले, आणि गाडीवाल्याकडं वळून खालच्या आवाजात त्याला म्हणाले, "देवाचं देणं असतं एकेकाला."