बासष्ट पावलांवरचा बाक

आमच्या नेरूळच्या बागेत छोट्या गेटातून आत गेलं की थोड्या अंतरावर सिमेंटचा एक बाक आहे. रोज संध्याकाळी साडेपाचला मी तिथे जाऊन बसते आणि एका माणसाची वाट पाहते. प्रेमाने नाही. त्याची जिरवायची म्हणून. मी चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते.

हा माणूस आमच्या सोसायटीचा चेअरमन होता आणि बागेची कमिटीही त्याच्याच मुठीत होती. रिटायर्ड साहेब. सकाळी हास्यक्लबात सगळ्यात मोठ्याने हाच हसायचा.

माझ्या मिस्टरांना लकवा मारला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज सपाट जागेवर चालवा आणि माणसांत बसवा. छोटं गेट आमच्या बिल्डिंगच्या अगदी समोर. गेटापासून मी त्यांचा हात धरायची आणि मोठ्याने पावलं मोजायची. पहिल्या आठवड्यात अकरा पावलांवर दम संपला. तीन महिन्यांनी एकदाची बासष्ट झाली आणि बाक आला.

बाकावर खाडीकडच्या गावातली एक मावशी असायची. नाक्यावर कोळंबी विकायला बसायच्या आधी टोपली खाली ठेवून घटकाभर टेकायची. आम्ही दिसलो की लांबूनच म्हणायची, "चाल रं दादा, बाक काय पलून जात नाय." घरी दिवसभर गप्प असणारे हे तिला अर्ध्यामुर्ध्या शब्दांत बोंबील ओले आलेत का ते विचारायचे. मला जरा हेवा वाटायचा, पण त्यापेक्षा बरं जास्त वाटायचं.

कमिटीला मात्र टोपलीचा वास यायला लागला. मावशी, कामवाल्या बाया, डबा खायला येणारे वॉचमन, ही सगळी बाहेरची माणसं छोट्या गेटाने शिरतात, म्हणून चेअरमनने ठराव केला आणि गेटाला कुलूप घातलं. मोठं गेट पार सेक्टरच्या पलीकडच्या टोकाला. तेवढ्यासाठी रिक्षावाला येईना, आणि व्हीलचेअरचं नाव काढलं की हे तोंड फिरवायचे.

मी चेअरमनच्या घरी गेले. संध्याकाळी अर्धा तास चावी द्या, मी स्वतः आणून देईन म्हटलं. टीव्हीवर मॅच चालू होती, त्याने आवाजसुद्धा कमी केला नाही.

"वहिनी, एका माणसासाठी नियम मोडायचा का? घरातल्या पॅसेजमध्ये चालवा की."

आमचा पॅसेज नऊ पावलांचा आहे. चालवलं. भिंतीपर्यंत नऊ, वळायचं, परत नऊ. काही दिवसांनी हे मधेच थांबले आणि म्हणाले, "इथे कोण आहे?" त्यानंतर चालायला उठणंच सोडलं. दुसऱ्या थंडीत गेले. चेअरमन तेराव्याला आला आणि जिलेबी दोनदा मागून घेतली.

तेव्हाच मनात म्हटलं, थांब मेल्या.

बाग महापालिकेची, पण तिथे एकट्या बाईचा अर्ज कोण वाचतो? म्हणून गेट वापरणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा अर्ज लिहिला. कामवाल्यांचे, वॉचमनचे, बाबागाडी ढकलणाऱ्या पोरींचे. मावशीने गावातल्या बायकांचे अंगठे आणून दिले. वर्षभर त्या ऑफिसचा पिच्छा सोडला नाही. शेवटी एका सकाळी दोन माणसं कटर घेऊन आली आणि हास्यक्लबासमोरच कुलूप तोडलं. त्या दिवशी क्लबात कुणी हसलं नाही. तुटकं कुलूप मी घरी आणून मिस्टरांच्या फोटोखाली ठेवलं. त्याच वर्षी सोसायटीच्या निवडणुकीत त्याची मतंही मीच फिरवली आणि त्याची चेअरमनकी गेली.

मग हा बाथरूममध्ये घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. दोन महिन्यांनी वॉकर घेऊन आला, छोट्याच गेटाने. मी बाकावर मधोमध बसले होते, बाजूला पिशवी. तो एकेक पाऊल टाकत होता आणि माझं मेलं मन आपोआप मोजत होतं. बाकाशी पोचला आणि वॉकरवर रेलून उभा राहिला.

"वहिनी, जरा सरकता का?"

मी सरकले. पिशवीसुद्धा मांडीवर घेतली. तो नीट टेकल्यावर म्हटलं, "बासष्ट झाली. माझे मिस्टर इथवर यायचे. आता ऐका, पॅसेजमध्ये काय झालं ते."

तेव्हापासून रोज त्याला पॅसेजमधला एक दिवस सांगते. वळताना ह्यांची लुंगी ओली झाली तो दिवस. मावशी कशी दिसायची ते आठवेना म्हणून रडले तो दिवस. तो खाली बघून ऐकतो. करणार काय? टेकल्याशिवाय घरी परत जाता येत नाही, आणि पुढचा बाक आणखी तीस पावलांवर. एकदा त्याने हात जोडले. मी म्हटलं, अजून पॅसेजमधली आमची दिवाळी सांगायचीय. मावशी मला म्हणते, "पुरं कर आता, बाय." मी तिचं ऐकत नाही.

परवा तो आला आणि बाकाशी थांबलाच नाही. वॉकर पुढे टाकत सरळ निघाला. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट... मी मोजत राहिले. ब्याण्णवाला तो पुढच्या बाकावर जाऊन बसला.

मागून त्याची बायको आली. तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्याजवळ येऊन बसायला लागले, तेव्हापासूनच सुधारले हो हे. घरात तर उठायला तयार नव्हते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा माणूस बासष्टच्या पुढे कधी गेला नाही, आणि हा माझ्यापासून पळता पळता बरा होतोय. शेजारी मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. मी पिशवी उचलली आणि त्याच्या बाकाकडे निघाले.

त्याने मला येताना पाहिलं आणि वॉकर धरून पुन्हा उठायला लागला.