एका दाताची शेड

पांढरा रंग एकच असतो असं ज्याला वाटतं, त्याने आमच्या हिच्या मामांसमोर तोंड उघडू नये. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मामांनी तीस वर्षं शेड जुळवली. आता रिटायर होऊन कोपरला राहतात, पण नजर अजून ड्यूटीवरच आहे. माझ्याच लग्नात मला उजेडात ओढून त्यांनी झब्बा-पायजमा ताडून पाहिला आणि "जावईबापू, हे दोन पांढरे एका घरचे नाहीत," असं चारचौघांत जाहीर केलं. दूधवाला तर त्यांना टरकूनच असतो.

अशा माणसाला नातीच्या साखरपुड्याच्या फोटोत स्वतःचेच दात दिसले. "अरे, हा पांढरा आहे? ही हळद आहे, हळद!" झालं! सातमजली हसणारा माणूस ओठ मिटून 'हं हं' करायला लागला. नातीचं लग्न दोन महिन्यांवर, आणि आजोबा असे! आधी चकाकीच्या पेस्ट झाल्या. "वरचे डाग जातात, मूळ रंग हलत नाही," हा शेरा. मग लिंबू चोळायला निघाले, तेव्हा मी धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिने दातांचं शेडकार्ड काढलं मात्र, मामा खुर्चीतून उठलेच! "अहो डॉक्टरीणबाई, ट्यूबखाली शेड बघतात का कधी? या खिडकीशी." बिचारीने खिडकीशी उभं राहून सगळं समजावलं: इथे एका बैठकीत ब्लीच करायचं, नाहीतर घरी रोज जेलचा ट्रे लावायचा, दात थोडे ठणकतील, आणि बैठकीनंतर दोन दिवस चहा, हळद बंद. मामा चहासकट सगळ्याला कबूल.

"पण काका, हा पुढचा दात कॅप आहे," ती म्हणाली. "कॅपवर ब्लीच चढत नाही. बाकीचे उजळले की हा पिवळा उठून दिसेल. नवीन बसवू."

मामांचं बोट त्या दाताकडे गेलं. ती कॅप बसवताना मामी बरोबर होत्या. मामा 'फिकट घ्या' म्हणून हटून बसले होते, मामींनी एकेक नमुना त्यांच्या ओठाशी धरला आणि म्हणाल्या, "हाच. हा तुमचा वाटतो." मामींना जाऊन तीन वर्षं झाली.

"बाकीचे करा," मामा म्हणाले. "हा राहू दे."

लग्नात मामा तोंडभर हसत होते. फोटोग्राफर जवळ येऊन म्हणाला, "काका, टेन्शन नको, तो एक दात एडिटमध्ये व्हाईट करतो."

"खबरदार! त्याचा रंग बरोबर आहे."

मला मामींची इतकी आठवण आली, की त्या फोटोत सगळे हसतायत आणि मीच तेवढा रडका आलोय.