मास्तरांचे उघडे सूर

मास्तर कुणाशी हात मिळवत नसत. लांबूनच राम राम. नव्या माणसाला वाटे, बुवा शिष्ट दिसतोय. खरं कारण आम्हा बँडवाल्यांनाच ठाऊक होतं. संधिवाताने त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. कुणी हात दाबला की डोळ्यांत पाणी यायचं.

राजुरीच्या आमच्या बँडचे ते ट्रंपेटवाले, मी साइड ड्रमवर. वाजवण्याआधी ते गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसत. पीत मात्र नसत. "चहा वाया चाललाय मास्तर," मी चिडवायचो.

"बोटं पित्यात," ते म्हणायचे.

घरचे म्हणत, आता सोडा. मास्तरांचं उत्तर ठरलेलं: "समदं सोडीन, पालखी न्हाई." निरगुडसरजवळच्या एका वाडीत माघात जत्रा भरते. तिथे मास्तरांची धून लागल्याशिवाय भोई पालखी उचलत नसत.

एका वर्षी जत्रेच्या सकाळी थंडी नुसती मी म्हणत होती. चहाचे पेले गार झाले, पण मास्तरांचं मधलं बोट वाकेना. भोई दांडीखाली खांदा लावून ताटकळले. मास्तरांनी ट्रंपेट तोंडाला लावला, धून पहिल्या वळणावरच अडखळली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "डीजे लावा राव, म्हातारं दमलंय." मी कुजबुजलो, "मास्तर, राहू द्या. क्लॅरनेटवर घेऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बटणांवरचा उजवा हात खाली सोडला, ट्रंपेट डाव्या हातात धरला आणि नुसत्या ओठांच्या जोरावर बिगुलासारखे चार उघडे सूर काढले. जुनी धून नव्हतीच ती. मग पुढचा भोई, एक म्हातारा धनगर, म्हणाला, "उचला रं." पालखी उठली. ड्रम वाजवताना मला रडू येत होतं आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

"बोटं गेली भाऊ, ओठ हायेत अजून," येताना टेम्पोत मास्तर एवढंच बोलले. पुढे दरवर्षी पालखी त्याच सुरांवर उठू लागली.

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. यंदा त्यांच्या जागी नवा ट्रंपेटवाला आणला, बोटं अगदी लोण्यासारखी. त्याने जुनी धून बिनचूक वाजवली. भोई जागचे हलेनात.

"ही नव्हं पावणं," म्हातारा भोई म्हणाला. "मास्तरांची लावा."

नवा ट्रंपेटवाला गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी काड्या काखेत धरल्या आणि त्याचा उजवा हात बटणांवरून खाली घेतला.