पाठमोऱ्यांचा शेजार

पाठमोरे हे काही त्यांचं आडनाव नाही. ते आम्ही ठेवलेलं नाव. आता ते इतकं चिकटलंय, की कुरियरवालासुद्धा "पाठमोरे कुठे बसतात?" म्हणून विचारत येतो आणि तेही निमूटपणे सही करून पाकीट घेतात.

त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि माझं कपडे अल्टर करायचं दुकान, दोन्ही एकाच गाळ्यात. मध्ये छातीइतक्या उंचीची प्लायवूडची फळी. अलीकडे माझं मशीन, पलीकडे त्यांचं टेबल. बारा वर्षं आम्ही एकमेकांच्या शिंका ऐकतोय.

आधीच सांगून टाकते, मला चौकशा करायची वाईट खोड आहे. पँटची लांबी कमी करायला आलेल्या माणसाकडून त्याच्या मेव्हण्याचं लग्न का मोडलं, इथपर्यंत मी पोचते, तेही तोंडात टाचण्या धरून. आणि शेजारी मिळाला कोण, तर ज्याला कुणाचं काही जाणूनच घ्यायचं नाही.

त्यांची कामाची रीत बघा. फोन आला की पहिलं वाक्य, "बंद करून द्या." सगळी दुरुस्ती बंद फोनवर. चालू करून बघायची वेळ आली की मालकाला बोलावणार, स्टुलावर बसवणार, आणि तो पासवर्ड टाकायला लागला की हे आपली खुर्ची गर्रकन फिरवून भिंतीकडे तोंड करून बसणार. मग भिंतीलाच विचारत राहणार, "आता कॅमेरा उघडा. उघडला? आवाज येतोय?" फोन पुन्हा बंद होईपर्यंत माणूस वळत नाही. लोक वैतागतात. एकजण म्हणाला, "अहो, माझ्या फोनमध्ये आहे काय बघण्यासारखं?" तर हे म्हणाले, "मग बघून मी तरी काय करू?"

हे असं का, ते काढून घ्यायला मला तीन वर्षं लागली. पूर्वी ते एका मोठ्या दुकानात कारागीर होते. तिथे दुरुस्तीला आलेल्या फोनमधले फोटो, निरोप सगळे मिळून बघायचे, मोठ्यानं वाचायचे. हेही त्यात असायचे, हसायचे. एकदा असाच एक फोन हातोहात फिरत ह्यांच्यापर्यंत आला, तर तो ह्यांच्या सख्ख्या बहिणीचा. तिने नवऱ्याला लिहिलेलं काहीतरी होतं. "मला कळायच्या आधी मी हसून बसलो होतो, ताई," एवढंच ते बोलले. काय लिहिलं होतं, हे मी लगेच विचारलं. विचारायला नको होतं. आठवडाभर फळीपलीकडून चकार शब्द आला नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या परिसराचं इंटरनेटवर एक पान आहे. पाणी कधी येणार, कुत्रं हरवलं, असलं सगळं त्यावर असतं. एके दिवशी तिथे कुणीतरी नाव न देता लिहिलं, की जवळच्या हॉस्पिटलात मुदत संपलेल्या औषधांवर नव्या तारखांच्या चिकट्या, म्हणजे स्टिकर, लावतात. सोबत फोटो. आणि खाली, "उरलेलं पुढच्या आठवड्यात लिहीन." झालं, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. कोण असेल हा? मी तर चार जणांवर संशय घेऊन मोकळी झाले, त्यात एक पोस्टमन होता, का ते विचारू नका.

त्याच आठवड्यात त्या हॉस्पिटलातली एक सिस्टर स्क्रीन बदलायला दिलेला फोन न्यायला आली. ड्यूटीवर जायच्या घाईत. पाठमोरे नेहमीसारखे भिंतीकडे वळले. तिने फोन उघडला आणि स्क्रीन नीट दिसते का बघायला आपलंच काहीतरी लिहिलेलं उघडलं.

आता माझी करणी ऐका. आदल्याच दिवशी मी गिऱ्हाइकांचा मोठा आरसा उजेडासाठी दुसऱ्या कोपऱ्यात हलवला होता. मशीनवर बसून मान वर केली तर आरशात पलीकडचं अख्खं टेबल, स्टूल आणि स्टुलावरच्या माणसाचे हात. शर्टांच्या खिशांवर दोऱ्याने नावं भरताना ती मागून बघून बघून मला उलटी अक्षरं वाचायची सवय. त्यात सिस्टरने चष्म्याचा कंटाळा म्हणून अक्षरं टपोरी ठेवलेली. मान वळवायला हवी होती. नाही वळवली. दोन ओळी वाचल्या. "चिकट्यांचं मागच्या वेळी सांगितलं. आता लहान मुलांच्या वॉर्डात त्या रात्री काय झालं ते लिहिते..." तेवढ्यात तिने अंगठ्याने वर सरकवलं आणि फोन बंद केला. "छान झालाय," म्हणाली आणि गेली.

घाबरून मी मशीन सुरू केलं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून मोठी होती ती उत्सुकता. मुलांच्या वॉर्डात काय झालं?

दोन दिवसांनी हॉस्पिटलच्या ऑफिसातले एक साहेब आले. कडक इस्त्री, गोड बोलणं. आधी पाठमोऱ्यांकडे. "आमच्या स्टाफचे फोन तुमच्याकडेच येतात. ह्या पानावर कोण लिहितं, तुमच्या नजरेला आलं असेलच."

"मी बघत नाही," पाठमोरे म्हणाले.

"असं कसं? दुरुस्ती करता ना?"

"बंद फोनची करतो."

साहेबांनी तऱ्हेतऱ्हेने विचारलं, पण माणसाच्या पोटात काही नसेल तर निघणार काय. शेवटी ते फळीवरून माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तर दिवसभर इथेच असता. आम्हाला दोनशे युनिफॉर्म शिवून हवेत, बरं का. कोण काय बोलतं, कानावर पडतच असेल."

सिस्टरची नोकरी त्या क्षणी माझ्या जिभेवर होती, आणि माझी जीभ कशी आहे हे मला ठाऊक. मी तडकले. घाबरले की मी तडकतेच. "मी काय इथे लोकांची तोंडं बघायला बसलेय का? माझं लक्ष सुईत. युनिफॉर्म शिवायचे तर मापं आणा, नाहीतर उजेड सोडा." साहेब हसले, कार्ड ठेवून गेले.

ते गेल्यावर मी फळीपाशी जाऊन म्हटलं, "मी वाचलंय. आरशात. ती..."

"थांबा," पाठमोरे म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "कुणाचं, काय, मला नको." मग त्यांची नजर आरशाकडे गेली. आपण भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि मागे हा उघडा, हे त्यांच्या लक्षात येत होतं. चेहरा पडला त्यांचा. मला रागावतील असं वाटलं होतं, तर म्हणाले, "चूक दुकानाची आहे. पण ज्याचं वाचलंत त्याला सांगायला हवं. आणि ते तुम्हालाच सांगावं लागेल."

"अहो, पण मी कुणाला बोललेच नाही ना?"

"त्यांना ठरवू द्या, त्याचं काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी सिस्टर ड्यूटीवर जाताना मी तिला रस्त्यात गाठलं. सगळं सांगितलं. आरसा, दोन ओळी, साहेब, युनिफॉर्म. मग तिने विचारलं, "साहेब तुमच्यापर्यंत आले?"

"आले. पण मी काही बोलले नाही. आणि मरेपर्यंत बोलणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. चिडली नाही, हेच मला सहन होईना.

मग तिने पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. टपोरी अक्षरं, बरंच मोठं लिहिलेलं. वाचायचं म्हटलं असतं तर वाचता आलं असतं. तिने एकदा हॉस्पिटलच्या फाटकाकडे पाहिलं, सगळा मजकूर निवडला आणि पुसून टाकला. "लिहिणारी कोण, ते आता दोघींना माहीत आहे ना," ती म्हणाली, "मग नको." आणि ती आत गेली.

वर्ष झालं. पानावर अजून लोक विचारतात, उरलेलं कधी येणार. मुलांच्या वॉर्डात काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त बघितलं होतं.