रुमालाखालचा लाइव्ह भाव

बापूशेठनी रुमालाखाली हात घातला. मशीननं त्यांची बोटं दाबली. हात बाहेर काढून ते शांतपणे म्हणाले, "इंजिनियर, तुमचं मशीन शेतकऱ्याला चारशेनं बुडवतंय."

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. सांगलीतलं हळदीवरचं छोटं म्युझियम. पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नसे. मी त्याचा रबरी हात बनवला होता. वेबसाइटवरून आजचा भाव आपोआप यायचा. आतल्या सर्व्हो, म्हणजे सांगितलं तेवढंच वळणाऱ्या छोट्या मोटरी, तो भाव बोटांनी सांगायच्या.

क्युरेटर मॅडम पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर तिथं टीव्ही लावू. आकडाच तर दाखवायचाय."

टीव्हीचा खोका दाराशी येऊनही पडला होता. माझं सहा महिन्यांचं काम त्याच्यामागं जाणार होतं.

मी आधी नेट तपासलं. मग मोटरी. सगळं बरोबर. बापूशेठना मोबाइल दाखवला, "शेठ, आकडा बघा की. हजारांच्या वर पाचशेच आहेत."

"आकडा बरोबर हाय. बोटं चुकत्यात. पाचशेला त्यानं एकच पेर दाबलं. पेर म्हंजे शंभर. कुणी शिकवलं तुमाला?"

"वडिलांनी."

"कुठल्या अडतीत असतात?"

"अडतीत न्हाई. मेंढरांच्या बाजारात."

बापूशेठ, चाळीस वर्षं हळदीत घालवलेला माणूस, खुर्ची धरून हसले. "तवाच म्हटलं, हळदीला लोकरीचा वास कसा येतोय."

आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. पण हे बोटांचं गणित मला कॉलेजच्या आधीपासून येत होतं, आणि त्याचाच मला तोरा होता. मेंढरांच्या सौद्यात एक पेर म्हणजे पाचशे. सगळ्या बाजारात तेच असणार, हे मी धरूनच चाललो. कुणाला विचारलं नाही.

दुपारभर आम्ही दोघं एका रुमालाखाली हात घालून बसलो. ते दाबायचे, मी दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर टाइप करायचो. मध्येच ते म्हणायचे, "नुसतं लिहू नगा, भाव बोला." पाच वाजता त्यांनी पुन्हा मशीनच्या हातात हात दिला. मान हलवली. मॅडमनी टीव्हीचा खोका परत पाठवला.

उद्घाटनाला आण्णा, माझे वडील, आटपाडीहून एसटीनं आले. पटका नीट करून त्यांनी रुमालाखाली हात घातला. मग माझ्याकडं वळले.

"पाचशेला पाच पेरं? एकात काम होतंय की रं. चुकीचं शिकवलंस ह्याला."

"आवं पाव्हणं, ही हळद हाय," बापूशेठ म्हणाले.

"हळद आसंल. मेंढरांचं कुठं हाय?"

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "दुसरं बटण बसवा."

बटण बसवायला अर्धा तास लागला. पण आमच्या बाजाराचा भाव कुठल्याच वेबसाइटवर मिळेना. शेवटी असं ठरलं की बाजाराच्या दिवशी आण्णांनी फोन करायचा आणि मी आकडा भरायचा. खाली पाटी आहे, "थेट बाजारातून".

या कामातून मी एवढंच शिकलो, की आपल्याला येतं असं वाटलं तरी मोटर बसवायच्या आधी विचारून घ्यावं. बाकी, तेव्हापासून हळदीची वेबसाइट बऱ्याचदा बंद पडली. आण्णांचा फोन एकदाही चुकला नाही. मी उचलला नाही, तर ते मॅडमना लावतात.