रोह्याच्या बंगल्यावरची मेकअपवाली

हमरापूरची शीतल गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. गणपती गेले की हाताला काम नसे, मग ती लग्नात नवऱ्यामुलींचा मेकअप करी. एका ओळखीच्या माणसानं तिला रोह्याजवळच्या एका बंगल्यावर नेलं. ‘वेब सिरीज हाय,’ म्हणाला. तिथं गेल्या गेल्या सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. खिडक्यांना काळे पडदे. आतली कुजबुज ऐकून शीतलच्या ध्यानात आलं, इथं घाणेरड्या फिल्मा बनतात.

तिच्यापुढं मेकअपला बसलेल्या नम्रताला यातलं काहीच माहीत नव्हतं. कॉलेज संपवून नोकरी शोधणारी मुलगी, सिरीयलमध्ये काम म्हणून आली होती. काय करायचंय ते कळल्यावर तिनं नकार दिला, तर मॅनेजर ओरडला, “सही केलीयस. आता माघार नाय.”

ती घामानं इतकी भिजली की चेहऱ्यावर पावडर बसेना.

“हिला उलटी होतेय, मागं नेते,” शीतल मोठ्यानं म्हणाली आणि तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. वालाच्या शेतातून दोघी रस्त्याला लागल्या. जी पहिली रिक्षा मिळाली तिनं रोह्याच्या स्टँडवर पोचल्या. नम्रता एस्टीत बसली. गाडी हलल्यावर शीतलला आठवलं, आपला मोबाइल त्या लोकांकडंच राहिला.

नवरा रमेश डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. त्याला तिनं सांगितलं, मोबाइल बाजारात हरवला. पण त्यानंतर गल्लीत अनोळखी गाडी थांबली तरी तिच्या हातातला ब्रश थबकायचा.

दोन वर्षांनी सावनी नावाची बाई पेणहून तिला शोधत आली. अशा शूटिंगच्या पडद्यामागं काय चालतं ते लोकांना दाखवणारी डॉक्युमेंटरी ती करत होती.

“नम्रता बोलायला तयार आहे. रिक्षात तुम्ही सांगितलेलं नाव-गाव तिच्या लक्षात होतं. तुमचा चेहरा दाखवणार नाही, आवाजही बदलू.”

“नाय गो बाय, माझं घर मोडंल.”

“तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाहीये. स्वतःहून गेली असेल, म्हणतात.”

त्या दिवशी शीतलला जेवण गेलं नाही. नम्रतानं नकार दिला होता, हे सांगणारं दुसरं कोण होतं? दारातनं बाहेर पडताना तिच्याबरोबर दुसरं होतंच कोण? दुसऱ्या दिवशी ती बोलली. अंधाऱ्या खोलीत, कॅमेऱ्याकडं पाठ करून.

सावनीची फिल्म नेटवर आली. रमेशनं ती कंपनीतल्या कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिली. शिफ्ट संपवून आला, डबाही खाली ठेवला नाही.

“शीतल, ती पाठमोरी बाई तू हायस. तुझी बसायची ढब मी वळखतो.”

शीतलनं त्याच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला. मग सगळं सांगितलं.

“मला का नाय सांगितलंस?”

“तुमी काय समजाल, याचं भ्याव वाटलं.”

तो ओट्यावर टेकला. मग विचारलं, “ती लोकं परत आली व्हती काय?”

“नाय.”

“आता पोलिसांत जायचं. मी येतो संगती.”

शीतल रमेशबरोबर पेणच्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढली. तिनं कळवल्यावरून नम्रता आणि सावनी आत आधीच येऊन बसल्या होत्या. हवालदारानं बंगल्याचा पत्ता विचारला. शीतलनं तो सांगितला, स्वतःच्या आवाजात.